गुरुजींचे अकरा हजार

कोकणात आंजर्ल्याला माझा चुलतभाऊ आणि आणखी आठ-दहा जण दर रविवारी गावातल्या मुलांना घेऊन बसतात. बसतात म्हणजे बसत नाहीतच, ओहोटी असली की खाडीत उतरतात. खारफुटीतली चिपी कुठली आणि तिवर कुठलं, कालवं कशी फोडायची, फाटलेलं जाळं कसं सांधायचं, कासवांची घरटी कशी राखायची, असलं सगळं. शिकवणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजी, दोन खलाशी, बचतगटातल्या बाया आणि नुकतीच बारावी झालेली एक मुलगी. फी नाही, पाटी नाही, नोंदणीही नाही.

महिन्यापूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी शेवाळावरून घसरली आणि मनगटावर आपटली. गुरुजी जवळ होते, म्हणून त्यांनीच तिला रिक्षात घालून दापोलीला नेलं. एक्स-रे, भूल, हाड बसवणं, प्लास्टर, सगळे मिळून अकरा हजार चारशे. काउंटरवर आधी पैसे मागितले, ते गुरुजींनी पेन्शनमधून भरले. मुलीचा बाप हर्णैच्या बोटीवर असतो. परत आल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, त्यात तुमची काय चूक?" विषय तिथेच मिटायला हवा होता. पण पुढच्या रविवारी गुरुजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग गावात चर्चा पेटली. एका चाकरमान्याने मुंबईहून कळवलं, लायबिलिटी विमा काढा, म्हणजे आपल्या चुकीने कुणाला लागलं तर भरपाई कंपनी देईल. दुसरा म्हणाला, पालकांकडून हमीपत्रं घ्या. तिसऱ्याचं म्हणणं, झालं एवढं पुरे, बंद करा. भावाने इंग्लंडात लेस्टरला मला फोन केला. "ताई, तुमच्याकडे विम्याशिवाय पान हलत नाही ना? मग सांग काय करू."

पान हलत नाही हे खरंच आहे. इथे आम्ही रविवारी मुलांना मराठी शिकवतो, एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. हॉलच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, 50 लाख पौंडांचा पब्लिक लायबिलिटी विमा आहे का? सर्टिफिकेट जोडल्याशिवाय किल्ली मिळत नाही. कायद्याने हा विमा सक्तीचा नाही. सक्ती आहे ती नोकरांसाठीच्या वेगळ्या विम्याची, पगारी माणसं ठेवणाऱ्यांना, 1969 च्या कायद्याने. पण हॉलवाला मागतो, म्हणून आम्ही भरतो. गेल्या वर्षी 138 पौंड भरले.

सुरुवातीला मला हे थोतांड वाटायचं. मग खजिनदाराने एकदा समजावलं. आमचं मंडळ नोंदवलेलं नाही, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते कुणीच नाही. उद्या दावा लागला तर तो समितीतल्या माणसांवर, म्हणजे माझ्या आणि तिच्या घरादारावर. शिवाय साध्या विम्यात भरपाई असते ती त्रयस्थाला. आपल्याच एका सदस्याच्या हलगर्जीने दुसऱ्या सदस्याला लागलं तर तो त्रयस्थ धरायचा की नाही? त्यासाठी पॉलिसीत 'सदस्याविरुद्ध सदस्य' असं कलम वेगळं लिहून घ्यावं लागतं. स्कूटरच्या थर्ड पार्टीपलीकडे विमा न पाहिलेल्या मला हे नवीनच होतं. मंडळात थर्ड पार्टी असतंच कोण? सगळे आपलेच.

पण भावाला मी फोनवर सांगितली ती गोष्ट दुसरीच. दोन वर्षांपूर्वी हॉलमधलं घडीचं टेबल मिटवताना एका मुलाचं बोट चिरडलं. टेबल मीच मिटवत होते. संध्याकाळी त्याच्या आईला फोन करून "माझंच लक्ष नव्हतं गं" असं म्हणणार, इतक्यात खजिनदाराचा मेसेज आला: आधी विमा कंपनीशी बोलू. पॉलिसी काढून वाचली. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, कसलं वचन द्यायचं नाही. रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन गेले आणि दारात उभी राहून हवापाण्यावर बोलले. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नसेल. नंतर कळलं की नुसतं 'माफ करा' म्हणणं किंवा उपचार देऊ करणं म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असं इथल्या 2006 च्या एका कायद्यात लिहूनच ठेवलंय. माफी मागता यावी म्हणून पार्लमेंटला कायदा करावा लागला!

आता हेच आंजर्ल्याला लावून बघा. असंच कलम आपल्याकडच्या लायबिलिटी पॉलिसीतही येतं. म्हणजे मुलगी पडल्यावर गुरुजींनी जे केलं, तिला उचललं, बिल भरलं, घरी जाऊन बापाला भेटले, त्यातलं अर्धं करण्याआधी कंपनीला विचारायला हवं होतं. आणि एवढं पाळूनही पैसे कधी मिळणार? गटाची कायदेशीर जबाबदारी ठरली तर. ती ठरायला मुलीच्या बापाने गुरुजींवर दावा लावायला हवा. तो तर म्हणतोय तुमची चूक नाही. म्हणजे तो जितका भला, तितकी पॉलिसी कोरडी.

लेस्टरमध्ये ही व्यवस्था चालते, कारण त्या मुलाच्या बोटाचे टाके सरकारी दवाखान्यात फुकट पडले. पहिला खर्च कुणाच्याच खिशातून गेला नाही, मग चूक कुणाची हे बघायला वर्षभर लागलं तरी बिघडत नाही. दापोलीत काउंटरवरचा माणूस चूक कुणाची हे विचारत नाही, पैसे कोण भरणार एवढंच विचारतो. आणि उत्तर देतो तो त्या क्षणी सगळ्यांत जवळ उभा असलेला. गुरुजी रागावलेले नाहीत, घाबरलेलेही नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा आपणच जवळ असू, असा हिशोब त्यांनी मनात केला असणार.

म्हणून माझं मत असं, की आधी गटाचा अपघात विमा. चूक कुणाची हे न विचारता हाड मोडलं तर पैसे देणारा. त्यात उपचारखर्चाचं कलम आहे का, हे मात्र नीट बघून घ्यावं, कारण पुष्कळ पॉलिसी मृत्यू आणि अपंगत्व यांच्यापुढे जात नाहीत. बँकेतून कापून जाणारी 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना शिकवणाऱ्या मोठ्यांनी काढलीच पाहिजे, पण ती 18 ते 70 वयाची, मृत्यू-अपंगत्वापुरती. त्यात ना मुलं बसतात, ना प्लास्टर. लायबिलिटीही घ्यावी, पण दुसऱ्या नंबरावर. सात माणसं जमवून 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवली की विमा कुणाच्या नावाने हा घोळही संपतो.

चाकरमान्याने आणखी दोन गोष्टी ठोकून दिल्या होत्या. एक, आपल्याकडे पब्लिक लायबिलिटीचा सक्तीचा कायदाच आहे. आहे, 1991 चा, पण तो भोपाळनंतर घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी झाला. जाळं सांधणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरं, विमा असला की पोलीस केस होत नाही. साफ चूक. हयगयीने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं 106 कलम लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती कैद कुठलीच कंपनी भोगत नाही.

हमीपत्राबद्दल मी जरा तिरसटपणेच बोलले. "काही बरंवाईट झाल्यास गट जबाबदार राहणार नाही", या ओळीवर अंगठा घेऊन काय मिळवणार? हलगर्जी सिद्ध झाली तर कोर्टात त्या कागदाच्या भरवशावर राहू नये, आणि गावात तर तो दाखवायची सोयच नाही. त्याच कागदावर पोराला पोहता येतं का, फिट येते का, बाप बोटीवर असेल तर फोन कुणाला करायचा, एवढं लिहून घेतलं तर उपयोग तरी होईल.

आणि बंद करा म्हणणाऱ्यांचं? त्यांची भीती मला कळते. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं बुडाली, ते किनाऱ्यावरचं कुणी विसरलेलं नाही. इथेही 1993 मध्ये लाइम बेच्या समुद्रात छोट्या होड्यांतून गेलेली चार मुलं दगावली. त्यानंतर पैसे घेऊन असले उपक्रम चालवणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला, आपल्याच सदस्यांसाठी हे करणाऱ्या स्वयंसेवी मंडळांना त्यातून वगळलं. पण आंजर्ल्याच्या पोरांना समुद्रापासून लांब ठेवणार म्हणजे नेमकं कुठे ठेवणार?

काल भावाने यादी पाठवली. विमा एजंटाने नाव, जन्मतारीख आणि व्यवसाय मागितलाय. मुलं एकतीस, शिकवणारे बारा. बाराव्या नावापुढे 'खलाशी' लिहिलंय, तो त्या मुलीचा बाप. गुरुजींचं नाव यादीत नाही. "त्यांच्याकडे उद्या जातोय," भाऊ म्हणाला. पैसे परत द्यायला का, असं विचारलं, तर म्हणाला, "छे, ते घ्यायचे नाहीत. जन्मतारीख विचारायला."