पेनड्राइव्हमध्ये काय आहे, ते मला नका सांगू

हेरगिरीवरचा हल्लीचा कुठलाही मोठा पिक्चर आठवून पाहा. सुरुवातीलाच कुणीतरी अधिकारी भल्यामोठ्या स्क्रीनसमोर उभा राहतो आणि अमुक कोड शत्रूच्या हाती पडला तर अर्धं जग बेचिराख होईल, असं समजावून सांगतो. मग तो कोड तीन देशांतून पळवला जातो. आणि मी कोथरूडच्या थिएटरात बसून घड्याळ बघते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सस्पेन्स हा माझा सगळ्यात लाडका प्रकार आहे.

सगळी पात्रं जिच्यामागे धावतात त्या वस्तूला सस्पेन्सचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक मॅकगफिन म्हणायचा. पात्रांना ती जिवापेक्षा मोलाची वाटते, बघणाऱ्याला तिच्याशी फारसं देणंघेणं नसतं. हे तंत्र आपण उचललं खरं, पण वस्तूबरोबर माणूसही पोकळ ठेवला.

हिचकॉकचाच ‘नोटोरियस’ (१९४६) मी पहिल्यांदा पाहिला तो लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये. रिओमधली नाझी टोळी आणि तळघरात वाइनच्या बाटल्यांत लपवलेलं युरेनियम. निर्मात्याला युरेनियम पटेना, तेव्हा ‘मग हिरे घालू’ असं आपण म्हणालो, हे हिचकॉकनेच फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलंय. बाटलीतला माल बदलला तरी चित्रपटाला धक्का लागत नाही. पण अ‍ॅलिशियाला, म्हणजे नायिकेला, काढा, काहीच उरणार नाही. जिच्यावर प्रेम आहे तिलाच अमेरिकन हेर डेव्हलिन हेरगिरीसाठी टोळीतल्या दुसऱ्याच्या घरात पाठवतो, आणि ती जाते, कारण तो ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही.

त्यातली पार्टी बघा. तळघराची किल्ली तिने नवऱ्याच्या, म्हणजे त्या टोळीतल्याच माणसाच्या, जुडग्यातून काढलेली आहे. कॅमेरा उंचावरून गजबजलेल्या दिवाणखान्यात उतरत उतरत थेट तिच्या मुठीतल्या किल्लीपाशी येतो. तिकडे शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होतायत. त्या संपल्या की तळघर उघडावं लागणार, हे आपल्याला माहीत आहे. पाहुण्यांना नाही, नवऱ्याला नाही. बर्फातल्या बाटल्या मोजताना माझा श्वास अडकतो, आणि त्या क्षणी युरेनियम कुणाच्या डोक्यातही नसतं.

म्हणूनच ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे’ एवढ्यावर विकले जाणारे सिनेमे मला खटकतात. शेवटच्या दहा मिनिटांसाठी दोन तास प्रेक्षकापासून सगळं दडवायचं! आपल्या पुण्यातच घडणारा ‘अंधाधुन’ (२०१८) घ्या. त्याचे दिग्दर्शक श्रीराम राघवन तर आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटचेच. आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या पियानोवादक आकाशला खरं तर दिसतं, हे ते आपल्याला आधीच सांगून टाकतात. त्यामुळे प्रेतासमोर बसून तो पियानो वाजवत राहतो तेव्हा त्याच्या प्रत्येक सुराला आपल्या पोटात गोळा येतो. तेच गुपित शेवटी फोडलं असतं तर नुसतं ‘अरेच्चा’ झालं असतं.

‘देशाची सुरक्षा पणाला नसेल तर तो हेरपट कसला?’ असं एका मित्राचं म्हणणं. असू दे की पणाला. ‘राझी’त माहिती साधीसुधी नाही, १९७१ च्या युद्धाची आणि विक्रांत युद्धनौकेवरच्या हल्ल्याच्या बेताची आहे. तरी मला झोप लागू दिली नाही ती सासरच्या म्हाताऱ्या नोकराने, अब्दुलने. पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेली भारतीय हेर सहमत, आपलं गुपित त्याला कळताच, त्याच्यावर जीप घालते, आणि नंतर एकटी कोलमडते. त्या माहितीची किंमत तिथे कळते, कुठल्या नकाशावर नाही.

‘मिशन इम्पॉसिबल ३’ (२००६) मध्ये तर सगळे जिच्यामागे धावतात ती ‘रॅबिट्स फूट’ नावाची वस्तू म्हणजे नेमकं काय, हे शेवटपर्यंत सांगतच नाहीत. नायकाच्या बायकोचा जीव टांगणीला लागलाय एवढं कळलं की बघणाऱ्याला पुरतं.

पुण्यात एकांकिका आणि शॉर्टफिल्म करणारी बरीच मुलं थ्रिलर लिहितायत, काही जण मला संहिता वाचायला देतात. बॅगेत काय आहे यावर चार पानं असतात. बॅग उचलणाऱ्या मुलीच्या घरी कोण आहे, पकडली गेली तर ती कुणाला तोंड दाखवू शकणार नाही, यावर एक ओळही नसते. ती चार पानं काढा आणि ही ओळ लिहा, मग पुन्हा पाठवा. मी नक्की वाचेन.