मनात आलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही

दर दोन-चार महिन्यांनी एक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून येतो. उगवत्या सूर्याचं चित्र आणि त्याखाली: "माणूस काय करतो त्यावर जाऊ नका, एकांतात त्याच्या मनात काय येतं तेच त्याचं खरं रूप. विचारांचे शब्द होतात, शब्दांची कृती, कृतीची सवय, सवयीचं चारित्र्य. ज्याच्या मनात पाप, तो पापीच." विचार-शब्द-कृतीची ती साखळी कधी गांधीजींच्या नावाने येते, कधी बुद्धांच्या, कधी कोणा चिनी तत्त्वज्ञाच्या. खाली नमस्कार आणि फुलं.

मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी मुलगी सव्वा महिन्याची होती आणि मी माहेरी होते. त्याआधी पंधराएक दिवस, तिला कोवळं ऊन द्यायला गॅलरीत उभी असताना, एकदम डोक्यात आलं होतं: हिला आत्ता खाली सोडलं तर? तिसरा मजला. नुसता विचार नव्हता, चित्रच दिसलं. माझे पाय लटपटले. आत येऊन दार लावलं आणि गॅलरीत जाणं बंद केलं. मग एकदा आई विळीवर मेथी चिरत बसली होती, बाळ माझ्या मांडीवर होतं, आणि त्या पात्याकडे बघताना तसंच काहीतरी आलं. त्या रात्री मी विळी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. आई दोन दिवस ती शोधत होती. "अगं, इथंच तर होती," म्हणत ओट्याखाली वाकून बघायची. मी गप्प. अशा अवस्थेत मी "ज्याच्या मनात पाप, तो पापीच" हे वाचलं, आणि त्यानंतर दोन महिने कोणाला एक शब्द सांगितला नाही. म्हणून या मजकुराचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

"चांगल्या माणसाच्या मनात असलं काही येतच नाही." हे थेट लिहिलेलं नसतं, पण सगळा मजकूर त्यावरच उभा आहे, आणि ते साफ खोटं आहे. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कसलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं, की नको असलेले, घाण वाटणारे, कोणाला तरी इजा करण्याचे विचार तुमच्या मनात येतात का? सुमारे ८० टक्क्यांनी हो म्हटलं. विचारांचा आशय ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन छळतात त्या आजाराच्या, रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक होता तो विचार किती वेळा येतात, किती वेळ ठाण मांडतात आणि किती छळतात यात. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत त्यात नव्हता, पण इराण होता, अर्जेंटिना होता, सिएरा लिओन होता. आधीच्या तीन महिन्यांत निदान एकदा तरी असा विचार आलेले जवळपास ९४ टक्के निघाले. आणि माझ्या बाबतीतलं सांगायचं तर, कॅनडात नव्या आयांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या बायकांनी कबूल केलं, की बाळाला आपण मुद्दामच काही करू असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. निम्म्या! आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायकांमध्ये अशा किती असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, टाळूवर तेल, सगळ्याबद्दल बोलणं होतं. याबद्दल कोणीच बोलत नाही.

"विचारांचीच पुढे कृती होते." मनात धरलेला, रोज पाणी घालून वाढवलेला विचार कृतीपर्यंत जातो, हे मी मान्य करते. भावकीतलं बांधाचं भांडण वीस वर्षं डोक्यात घोळवणारा माणूस एक दिवस कुऱ्हाड उचलतो, ते काही आकाशातून पडत नाही. पण तो विचार त्याला हवासा असतो, तो त्याच्या बाजूने असतो. मला आलेला विचार माझ्या अंगावर आला होता. आलेला आणि पोसलेला हे दोन वेगळे विचार आहेत, आणि हा मजकूर त्यांना एकाच पोत्यात भरतो.

शिवाय असा विचार दाबायला गेलं तर काय होतं, हेही तपासून झालेलं आहे. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. मिनिटाला एकाहून जास्त वेळा घंटी वाजली. पुढे त्यांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी दाबला नव्हता त्यांच्यापेक्षा यांच्या मनात तो जास्त वेळा आला. अस्वलाशी कोणाचं काही देणंघेणं नसताना ही गत. मग ज्या आईला वाटतं की हा विचार आला म्हणजे मी राक्षसीण, ती तो किती जीव तोडून दाबत असेल? आणि तो किती वेळा परत येत असेल? विचार करणं म्हणजे केल्यासारखंच आहे, आणि विचार केला की ते घडण्याची शक्यता वाढते, या दोन समजुतींना मानसशास्त्रात १९९६ पासून एक नाव आहे, 'विचार आणि कृती यांची गल्लत' अशा अर्थाचं. ओसीडीच्या, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात मंत्रचळाच्या, रुग्णांमध्ये ही गल्लत वारंवार आढळते. मंत्रचळ म्हटलं की आपल्याला पुन्हा पुन्हा हात धुणारा माणूस आठवतो. माळ्यावर विळी लपवणारी आई आठवत नाही. त्या आजारात जी गल्लत डॉक्टर सोडवायला बसतात, तीच हा मजकूर सुविचार म्हणून वाटतो आहे.

कायद्याचंही बघा. १८६० च्या दंड संहितेपासून नुसत्या हेतूला शिक्षा नाही. आधी हेतू, मग तयारी, मग प्रयत्न, मग गुन्हा. शिक्षा साधारणपणे प्रयत्नापासून सुरू होते, तयारीला ती मोजक्याच गुन्ह्यांत आहे. "दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद" ही बातमी आपण वाचतो. दरोड्याचा विचार मनात आलेला इसम जेरबंद, अशी कधी वाचली आहे? १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिनेही यात बदल केलेला नाही.

"वागणं हा मुखवटा, मन हेच खरं." माझ्या मावशीने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं दोन वर्षं केलं. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना तिच्या मनात यायचं, देवा, आता ने हिला. मग ती ओली चादर बादलीत टाकायची, कोरडी घालायची, सासूच्या पाठीला पावडर लावायची आणि कूस बदलून द्यायची. त्या मजकुराच्या हिशोबाने मावशीचं खरं रूप म्हणजे ते एक वाक्य, आणि दोन वर्षांच्या चादरी मुखवटा. हे मी कदापि मान्य करणार नाही.

"शास्त्र आणि संत हेच सांगतात." इथे हटकून दोन आधार दिले जातात. पहिला, समर्थांचा "मना पापसंकल्प सोडूनि द्यावा". त्यातला शब्द संकल्प आहे. पूजेला बसताना आपण हातात पाणी घेऊन करतो तो संकल्प, म्हणजे ठरवणं. सोडून द्यायला सांगितलं आहे, म्हणजे मनात तो येतो हे धरूनच चाललेलं आहे. त्याच श्लोकात पुढे "कल्पना ते नको" आहे, तेही खरं. पण हा मनाला केलेला उपदेश आहे, माणसाला दिलेला दाखला नाही. दुसरा आधार गीतेचा, तिसऱ्या अध्यायातला मिथ्याचारी: हातपाय आवरून मनाने विषयांचं स्मरण करत बसणारा. 'बसणारा' महत्त्वाचं आहे. तो वरून संयमी दिसतो आणि आत चवीने चघळतो, म्हणून तो ढोंगी. त्याच गीतेत सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण आहे. कृष्ण त्याला दुष्ट म्हणत नाही. "असंशयं" म्हणतो, यात शंकाच नाही म्हणतो, आणि अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतो. आमचे तुकोबा तर "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग" म्हणून त्यात जगाबरोबर मनाचंही नाव घेतात. आणि तुलसीदासांनी कलियुगाचा एक गुण सांगितला आहे, तो मला डॉक्टरांच्या गोळ्यांइतकाच उपयोगी पडला: "मानस पुन्य होहिं नहिं पापा." मनातलं पुण्य लागतं, मनातलं पाप लागत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: असं सांगितलं तर लोक मोकाट सुटतील. ज्यांना सुटायचं आहे ते असल्या लेखाची वाट बघत नाहीत. धाकात राहतात ते आधीच स्वतःला फाडून खाणारे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. बाळंतपणानंतर एखादीला असे विचार बरोबरच वाटू लागले, कोणीतरी आज्ञा देतंय असं ऐकू येऊ लागलं, झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, तर तो वेगळा आणि गंभीर आजार आहे. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मला ज्या डॉक्टरबाईंनी तपासलं त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं: "हा विचार आल्यावर तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "घरी गेलात की विळी खाली काढा." त्या दिवशी नाही जमलं. तीन आठवडे लागले.

सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. फोन लावल्यावर सुरुवात कुठून करायची ते सुचत नसेल, तर डॉक्टरबाईंसमोर मी जे वाक्य बोलले तेच घ्या: "मला माझ्याच बाळाबद्दल भयंकर विचार येतात, आणि मला त्यांची भीती वाटते."