गाडीचा रंग बदलायचाय? बदलाच!

तुमच्याकडे स्पोर्ट्स कार आहे, तिचा रंग विटलाय आणि तो बदलावा की आहे तोच ठेवावा यावर गेले तीन महिने तुमची झोप उडालीये. अभिनंदन! एवढाच प्रश्न उरलाय म्हणजे बाकी सगळं बरं चाललेलं दिसतंय. मी नुकताच या सगळ्यातून गेलोय. तेव्हा चार सल्ले देतो, फुकट. या प्रकरणात फुकट मिळालेली एवढीच वस्तू आहे.

आधी माझ्या गाडीबद्दल. सॅन स्टॉर्म. ऐकलं नसेल, तुमचा दोष नाही. गोव्यात बनलेली, दोनच माणसांची, टप काढता येणारी, फायबरग्लासच्या बॉडीची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साठेक अश्वशक्ती. म्हणजे सिग्नल सुटला की शेजारची भाजी आणायला निघालेली हॅचबॅकसुद्धा पुढे जाते. पण सिग्नल लाल असेपर्यंत सगळे आपल्याकडेच बघतात, आणि पुण्यात सिग्नल बराच वेळ लाल असतो. गाडीही लाल होती. लाल रंगाला ऊन सोसत नाही. इतक्या उन्हाळ्यांनंतर बॉनेट गुलाबी झालं, डिकी विटकरी, आणि दारांना जो रंग आला त्याला आमची आई गुलबक्षी म्हणते.

तर पहिला सल्ला: सगळ्यांना विचारा. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका. एकजण म्हणेल पिवळी करा, दुसरा म्हणेल पिवळी टॅक्सी वाटेल, तिसरा त्याखाली पाणी कधी येणार ते विचारेल. काकांना विचारा, ते म्हणतील, ‘रीसेलला पांढराच.’ ज्या गाडीला गिऱ्हाईक शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल, तिचं रीसेल! बायकोला विचारा. आमची ही म्हणाली, ‘कव्हर घाल की वर, रंग दिसायचाच नाही.’ हा एकच शहाणा सल्ला होता, म्हणून मी तो ऐकला नाही.

मग रात्री दोनपर्यंत जागून इतिहास वाचा. हे फार महत्त्वाचं, कारण यातून चुकीचा निर्णय पक्का होतो. पूर्वी शर्यतीच्या गाडीचा रंग मालकाच्या आवडीवर नसायचा, देशावर असायचा. इटलीची लाल, फ्रान्सची निळी, इंग्लंडची हिरवी. १९०३ची गॉर्डन बेनेट शर्यत इंग्लंडात रस्त्यावर घेता येईना म्हणून आयर्लंडात झाली, आणि यजमानांचा मान राखायला इंग्रजांनी गाड्या हिरव्या रंगवल्या, असं सांगतात. लाल म्हणजे फेरारी हे आपल्याला पाठ असतं, पण १९६४ साली फेरारीचे मालक इटलीतल्या अधिकाऱ्यांवर असे रुसले की फॉर्म्युला वन मोसमातल्या शेवटच्या दोन शर्यतींना त्यांच्या गाड्या निळ्या-पांढऱ्या होऊन उतरल्या. त्यांचा ड्रायव्हर जॉन सर्टीझ त्या वर्षीचा जगज्जेता झाला तो त्या निळ्या-पांढऱ्या गाडीत बसून. आपल्याकडे सचिनला भेट मिळालेली फेरारी लालच होती. तिच्यावरून गदारोळ झाला तो आयात शुल्काचा, रंगाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. एवढं वाचल्यावर मला काय पटायला हवं होतं? की लालच ठेव बाबा. मला काय पटलं? ब्रिटिश रेसिंग ग्रीन, म्हणजे इंग्रजांच्या शर्यतीच्या गाड्यांचा तो गडद हिरवा! गोव्याची गाडी, फ्रेंच इंजिन, पुण्याचा मालक आणि रंग इंग्रजांचा.

व्हिनाइल रॅप, म्हणजे रंगाऐवजी गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म, करून घ्या म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ते नको झालं तर काढता येतं, मग पश्चात्तापात काय मजा राहिली?

आता आरटीओ. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो आणि तो बदलला तर तिथेही बदलून घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वगैरे. मी सज्जनपणे आधी विचारायला गेलो. खिडकीतले साहेब म्हणाले, ‘हिरवा? मिलिटरीचा हिरवा चालत नाही.’ खरं आहे, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना, तसा नियमच आहे. मी म्हटलं, हा तो हिरवा नाही, आणि शेडकार्ड पुढे केलं. त्यांनी ते ट्यूबलाइटकडे धरून बघितलं. ‘हा तर काळा आहे. काळा लिहू?’ दुसऱ्या खिडकीत सांगितलं, आधी रंगवून आणा, मग बघू. तिसरी खिडकी जेवायला गेली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

रंगवायला शक्यतो पावसाळ्यात द्या. हवेत ओल असली की लॅकरवर दुधाळ साय धरते. निराळीच शोभा येते.

आता मुख्य सल्ला: गॅरेज. उत्तम गॅरेज निवडा. मी अक्षय्य तृतीयेला गाडी दिली. ‘आठ दिवसांत घेऊन जा साहेब.’ आठ दिवसांनी गाडी जिथे उभी केली तिथेच होती, बॉनेटवर कोणाचा तरी डबा ठेवलेला. वटपौर्णिमेला ‘उद्या प्रायमर’. आषाढीला ‘कारागीर वारीला गेलाय’. मग ‘गणपतीच्या आधी नक्की’. आरती म्हणतात तसं तालावर म्हणतात हो हे, ‘गणपतीच्या आधी नक्की’. मी दर शनिवारी जाऊन सांगत होतो की बाबा रे, हा पत्रा नाही, फायबर आहे, रंग वाळवायच्या बूथमध्ये ताव जास्त देऊ नकोस, आतली हवा फुगून फोड येतात. ‘पंचवीस वर्षं हेच करतोय साहेब.’ आले फोड. मी सांगितलं होतं, दारं उतरवून रंगव, काचेची रबरं काढ, कडा आतून घासून घे, मगच स्प्रे गन हातात धर. लिहून दिलं होतं. मराठीत. क्रमांक घालून.

श्रावण संपता संपता गाडी मिळाली. लांबून बघितलं तर देखणी, खोटं कशाला बोलू. जवळ गेलो तर रबरांवर हिरवे फराटे. डाव्या मडगार्डवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा. आणि दार उघडलं तर आत लाल! कडा लाल, चौकट लाल, डिकीच्या झाकणाची आतली बाजू लाल. बाहेरून हिरवी, आतून लाल. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांनी तिथल्या तिथे बारसं केलं: कलिंगड.

मी परत गेलो. गॅरेजवाल्याने दार उघडून बघितलं, बंद केलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘दार लावल्यावर कोण बघतंय साहेब?’

कोण बघतंय! अरे, मी बघतोय! रोज सकाळी ते दार मी उघडतो, माझ्या हाताने! साडेतीन महिने गाडी ठेवून घेतलीस, पैसे मोजून घेतलेस, तेव्हा मी दिसत होतो ना? प्लंबर टाइलमागे चिंधी कोंबून जातो, कोण बघतंय. रस्ता खणतात आणि वर खडी भुरभुरून जातात, कोण बघतंय. पहिल्या पावसात अख्खं गाव बघतं! पंचवीस वर्षं करतोय म्हणे. पंचवीस वर्षं एकच चूक केली त्याला अनुभव म्हणत नाहीत, लाज नसणं म्हणतात.

आणि तुम्ही हसू नका. ‘आतून नको, वरवर मारून दे, विकायचीच आहे’ असं सांगून ही सवय लावली कोणी? तुम्हीच ना? स्वस्तात हवं, लवकर हवं, आणि चमकायलाही हवं. वर त्याच गॅरेजचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा, ‘चांगला माणूस आहे’ म्हणून! मला तो पत्ता असाच मिळाला होता. हो, मीही पाच हजार कमी करून घेतले होते. पण ते दारांच्या कडांचे नव्हते, हे त्याला माहीत होतं आणि मलाही!

परवा गाडी परत नेतोय. दारं उतरवून, रबरं काढून, माझ्या डोळ्यांदेखत करून घेणार. घरून स्टूल नेतोय बसायला, आणि डबा.

आठ दिवस लागतील म्हणालाय.