युक्रेनमधल्या १९३२-३३ च्या उपासमारीबद्दल खुलासा

"युक्रेनमध्ये पाऊस पडला नाही म्हणून माणसं मेली, स्टालिनचा दोष नाही," असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पीक कमी आलं हे खरं. पण आलेलं धान्य स्टालिनच्या सोव्हिएत सरकारने घराघरांतून उचलून नेलं, परदेशी निर्यातही चालूच ठेवली. ७ ऑगस्ट १९३२ च्या फर्मानाने सामूहिक शेतातली कणसं वेचणाऱ्यालाही १० वर्षांची कैद, प्रसंगी गोळी. धान्याचा ठरलेला कोटा न भरल्याने काळ्या यादीत टाकलेल्या गावांना मीठ, काडेपेटीसुद्धा मिळेना. २२ जानेवारी १९३३ ला तर भुकेल्या शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडायलाही बंदी! हे आदेश सोव्हिएत दफ्तरातच आहेत. साधारण ३५ ते ४० लाख माणसं गेली. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.