रत्नागिरी 'वाटेत' नसते हो!

मित्राने परवा कोकणचा बेत पाठवला. गणपतीपुळे दोन दिवस, आरे-वारे एक संध्याकाळ आणि 'रत्नागिरी (वाटेत, दोन तास)'. त्या दोन तासांत टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग आणि वर माशाचं जेवण! मी फोनच लावला.

म्हटलं, बाबा रे, एकटा थिबा राजवाडाच दोन तास खातो. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा वाडा मात्र १९१०च्या आसपास बांधून झाला आणि १९१६ मध्ये थिबा गेला. म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत काढली, त्यातली जेमतेम सहा या वाड्यात. लोक समोर सेल्फी काढून निघतात. मला तिथे त्याची नात आठवते, टूटू. राजाची नात, पण मराठी बोलत, साध्या घरात, रत्नागिरीकर म्हणूनच म्हातारी झाली. थिबाची समाधीही याच शहरात आहे. मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं.

नको असलेली माणसं ठेवायला इंग्रजांना ही जागा सोयीची वाटत असावी. सावरकरांनाही १९२४ पासून इथेच स्थानबद्ध केलं होतं. त्याच काळात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं. तेही बघाच.

पण माझं खरं भांडण सड्यावरून आहे. शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना जो काळपट, उघडा कातळ दिसतो, तोच सडा. त्याला पर्यटक 'काहीच नाही' म्हणतात आणि सातबारा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणतो. त्याच 'काहीच नाही'वर उक्षीला जांभ्यात कोरलेला अख्खा हत्ती आहे. राजापूरकडे कशेळीला तर एवढा मोठा हत्ती, की त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. कोकणातल्या कातळशिल्पांत एकशिंगी गेंडाही सापडतो. आज कोकणात गेंडा कुठे आहे? मग कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे? ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तरी आपल्या सहलीच्या यादीत काही येत नाहीत.

आणि श्रावण-भाद्रपदात या. तोच कातळ 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांनी निळा-जांभळा होतो, मध्येच दवबिंदूची कीटक खाणारी इवलीशी रोपं. समुद्र काय, बारा महिने आहेच.

मित्राने आता रत्नागिरीला दोन मुक्काम टाकलेत, गणपतीपुळ्याला सकाळी जाऊन दुपारी परत. त्याला एवढंच बजावलंय, कातळशिल्पापाशी चपला बाहेर काढ आणि फोटो उठून दिसावा म्हणून रेघांवर खडू फिरवू नकोस. गेल्या वेळी माझ्यासमोर एकाने खिशातून खडू काढला होता. घरून घेऊन आला होता म्हणे!