प्रिंटर बघणारा मुलगा

गणपतीला मालवणात घरी आलो की बाप्पाच्या आधी माझी आरती होते. "काय शिकतंस रे?" मी सांगतो, डिजिटल समाज आणि माहिती अभ्यास. दोन सेकंद शांतता. मग काका: "म्हणजे कॉम्प्युटरच मा? बघ जरा, माझो प्रिंटर कागद ओढणा नाय."

अहो, नाही हो काका! रापणीचं जाळं ओढून ओढून ज्याच्या बोटांचे ठसे झिजले, त्याचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनने ओळखला नाही तर त्याने करायचं काय? सातबारा ऑनलाइन आला, पण त्यात आजीचं नाव चुकलं तर खेपा कोणी घालायच्या? हे शिकतो मी! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने 2017 साली सांगितलं, 2023 साली डेटा संरक्षणाचा कायदाही झाला, तरी शर्टाच्या बिलासाठी आपण मोबाईल नंबर घडाघडा सांगतो. का? हेही शिकतो.

"त्यापेक्षा मर्चंट नेव्हीत गेला असता," असं काकी मोदक वळता वळता आईला सांगते. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, अर्थात.

आणि गंमत बघा. गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो हा मेसेज घरच्या ग्रुपवर यंदा तिसऱ्यांदा आला. पाठवणारे कोण? काकाच. हा मेसेज खोटा आहे असं मी म्हटलं, तर म्हणे, "तुका काय कळता, तू काय डॉक्टर?"

प्रिंटर दुरुस्त केला. आत उदबत्तीच्या पुड्याचा कागद अडकला होता.