स्टॅनफर्डची ३९ पदकं, भारताची ६: ही तुलनाच चुकीची आहे

पॅरिस ऑलिंपिक संपल्यापासून एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा: ‘अमेरिकेतल्या एकट्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने पॅरिसमध्ये ३९ पदकं जिंकली. १४० कोटींच्या भारताने ६. तिथलं विद्यापीठ ऑलिंपिकपटू घडवतं, कारण तिथे पैसा आहे. आपल्या विद्यापीठांना खेळाचा इतिहासच नाही.’

यातले आकडे खरे आहेत. त्यांच्यावरून काढलेलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

आधी मोजणी बघू. देशाची पदकं स्पर्धेनुसार मोजतात आणि विद्यापीठाची माणसांनुसार. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकलं. पदकतक्त्यात त्याचं एकच पदक लागलं. त्या संघात नेओमी गिर्मा, सोफिया स्मिथ आणि टिअर्ना डेव्हिडसन या तिघी स्टॅनफर्डच्या होत्या, म्हणून स्टॅनफर्डच्या हिशेबात तीच तीन सुवर्णपदकं झाली. हाच नियम आपल्याला लावा. हॉकीचं कांस्य आपण एक धरतो, पण संघ १६ जणांचा असतो. मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांचं मिश्र सांघिक कांस्य एक नाही, दोन होतं. नीरज चोप्रा, स्वप्निल कुसाळे, अमन सेहरावत आणि मनूचं वैयक्तिक पदक धरून ही बेरीज २२ वर जाते. २२ म्हणजे ३९ नव्हेत, हे मला कळतं आणि ते लपवायचंही नाही. पण मेसेजमधली जवळजवळ निम्मी दरी या मोजणीतून आलेली आहे.

दुसरा मुद्दा, ‘विद्यापीठ घडवतं’. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिचंच उदाहरण घ्या. २०१२ साली लंडनमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी होती. रिओत आणखी चार सुवर्णं मिळवली आणि त्यानंतर ती स्टॅनफर्डला दाखल झाली. २०२१ नंतर तिचा सराव फ्लोरिडात, दुसऱ्याच विद्यापीठाच्या तलावात, अँथनी नेस्टी यांच्या हाताखाली चालू आहे. तरी पॅरिसमधली तिची चारही पदकं स्टॅनफर्डच्या खात्यात आहेत. माजी विद्यार्थ्यांचा अभिमान बाळगायला कुणाची हरकत नाही. आपल्याकडेही पदक आलं की दुसऱ्या दिवशी ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून फलक लागतातच. पण त्यावरून कुणी कुणाला घडवलं हे ठरत नाही.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. स्टॅनफर्डचा जो इतिहास खरोखर थक्क करणारा आहे, त्याचा या मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना आहे, एनसीएए. तिची सांघिक विजेतेपदं सर्वांत जास्त स्टॅनफर्डकडे आहेत, शंभराच्या कितीतरी वर. १९७६-७७ पासून चार दशकांहून अधिक काळ असं एकही वर्ष गेलं नाही की त्यांनी कुठल्या ना कुठल्या खेळात किमान एक विजेतेपद आणलं नाही. सगळ्या खेळांची कामगिरी एकत्र धरून डायरेक्टर्स कप दिला जातो. तो त्यांनी १९९४-९५ ते २०१८-१९ असा सलग २५ वेळा जिंकला. एखाद्या विद्यापीठाची मोठाई मोजायची तर ती इथे, दुसऱ्या विद्यापीठांशी मैदानात खेळून मिळवलेल्या या विजेतेपदांमध्ये.

‘पैसा आहे म्हणून’ हे अर्धसत्य आहे. स्टॅनफर्ड जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांपैकी एक. तरीही जुलै २०२० मध्ये त्यांनी खर्चाचं कारण देऊन ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती. पुढच्या मार्चमध्ये शेन ग्रिफिथ हा तिथला मल्ल राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो साध्या काळ्या पोशाखात. छातीवर विद्यापीठाचं नावच नव्हतं. त्याने विजेतेपद जिंकलं. माजी खेळाडूंनी निधी उभा केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. पैसा विद्यापीठाकडे आधीपासून होता. खेळ वाचले ते त्यासाठी भांडणारी माणसं होती म्हणून. आणि पैशाआधी कायदा होता. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही असं १९७२ मध्ये ठरलं आणि तिथल्या मुलींना संघ, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पॅरिसमध्ये पाच पदकं जिंकणारी जलतरणपटू टोरी हस्की, लेडेकी, गिर्मा या त्याच वाटेवरच्या मुली.

राहिलं ‘आपल्याला इतिहासच नाही’. हे वाचून तर मला राग आला. आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासूनची. वाडेकर, गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळतच पुढे गेले. खेळातल्या सर्वोत्तम विद्यापीठाला मिळणारा मौलाना आझाद करंडक १९५६-५७ मध्ये सुरू झाला, पहिला मान मुंबईचा. पुढे अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा नेला. आणि खाशाबा जाधव? १९५२ मध्ये ते हेलसिंकीला जाऊ शकले, कारण राजाराम कॉलेजातले त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका कॉलेजच्या प्राचार्याच्या घरावर काढलेल्या कर्जातून आलं आहे.

आपल्याकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः खो-खोच्या विद्यापीठ संघात होते. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला निघताना किट हातात पडलं ते गाडी सुटायच्या अर्धा तास आधी, स्टेशनवर. माझ्या वाट्याला आलेले बूट दोन नंबरांनी मोठे होते. पुढे कापूस कोंबून तीन सामने खेळले आणि परतल्यावर चुकलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी महिनाभर अर्ज घेऊन फिरले. बोलायचंच असेल तर बुटांवर बोला, परीक्षांवर बोला, मौलाना आझाद करंडकाच्या यादीत आपलं विद्यापीठ यंदा कितवं आलं ते विचारा. ३९ आणि ६ शेजारी ठेवून यातलं काहीच विचारलं जात नाही.